योजिलेला मार्गदर्शक न लाभल्यास

मनात योजिलेला गुरू लाभणे हे भाग्य खरे. परंतु तो न लाभल्यास विद्येचा मार्गच खुंटला, असे मानण्याची चाल चांगल्या सुशिक्षित घरांतही दिसते. एम. ए. नंतर पीएच. डी. करू इच्छिणाऱ्या मुलामुलींच्या घरी हा प्रश्न हल्ली वारंवार उपस्थित होतो.

आमच्याच घरचे उदाहरण घ्या. माझ्या धाकट्या बंधूंची कन्या अर्थशास्त्राची एम. ए. आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा या गावास २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला आणि पुढे बांबूच्या विक्रीचा व्यवहार ग्रामसभेच्या हाती आला. अशा गावांच्या जमाखर्चाचा अभ्यास करावा, हा तिचा संकल्प. ज्या प्राध्यापकांच्या व्याख्यानांतून हा विषय तीस सुचला, त्यांच्याच हाताखाली काम करावयाचे तिने ठरविले होते. त्यांनी ममतेने सांगितले, "बाळ, माझ्या निवृत्तीस तीन वर्षे उरलेली नाहीत, मला नवा विद्यार्थी घेता यावयाचा नाही."

हा नियम विद्यापीठ अनुदान आयोगाचा, २०२२ सालचा आहे. त्याच नियमांप्रमाणे एका वेळी प्राध्यापकास आठ, सहयोगी प्राध्यापकास सहा व सहायक प्राध्यापकास चारच विद्यार्थी घेता येतात. पदवीस निदान तीन वर्षे लागतात. तेव्हा विद्यार्थी अर्ध्या वाटेवर पोरका होऊ नये, हे धोरण योग्यच म्हणावे लागेल.

घरात मात्र दोन तट पडले. बंधूंचे मत, मोठ्या नावासाठी मुंबई-पुण्यास जावे. भावजयींचे मत, वर्षभर थांबावे. मुलगी खिन्न होऊन विषयच सोडावयास निघाली. तेव्हा मी तीस डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांची हकीकत सांगितली.

घुर्ये मूळचे मालवणचे, संस्कृतचे एम. ए. १९२० साली ते विलायतेस गेले. लंडनमध्ये मन रमेना, म्हणून केंब्रिजला रिव्हर्स यांच्याकडे आले. नीलगिरीच्या तोडा लोकांवर ग्रंथ लिहिणारे हे विद्वान त्यांस मनाजोगे गुरू लाभले. पण जून १९२२ मध्ये रिव्हर्स अकस्मात वारले. घुर्ये यांनी विषय टाकला नाही. हॅडन यांच्या देखरेखीखाली प्रबंध पुरा केला. मौज अशी की, १८९८ च्या ज्या मोहिमेत रिव्हर्स प्रथम दूरदेशीच्या लोकांच्या अभ्यासास लागले, तिचे नेते हॅडनच होते. दुसरा म्हणून लाभलेला गुरू पहिल्याचाच वडीलधारा निघाला! १९२४ पासून मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राची धुरा घुर्ये यांनी वाहिली. त्यांचे शिष्य श्रीनिवास पुढे ऑक्सफर्डला गेले, तेथे रॅडक्लिफ-ब्राऊन १९४६ साली निवृत्त झाले. तेव्हा इव्हान्स-प्रिचर्ड यांनी त्यांस हाती घेतले. गुरुशिष्य दोघांवरही एकच प्रसंग आला आणि दोघांचेही कार्य अडले नाही.

यातून घ्यावयाचे ते इतकेच की, विषय घट्ट धरावा, नावाचा आग्रह सैल सोडावा. २०११ साली गोंडवाना विद्यापीठ स्थापन होईपर्यंत आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीची महाविद्यालये नागपूर विद्यापीठास जोडलेली होती. आता विद्यापीठही येथे आणि अभ्यासाचे रानही येथे. केवळ नावासाठी दूर जाऊन ज्या ग्रामसभांच्या वह्या चाळावयाच्या त्यांनाच अंतरावे, यात शहाणपण कोणते?

मुलगी पुनश्च त्याच प्राध्यापकांकडे गेली आणि तिने विचारले, "सर, आपण नाही, तर कोण?" नियम नोंदणीस आड येतो, सल्ल्यास नव्हे. त्यांनी सहकारी संस्थांच्या हिशेबांवर काम केलेल्या एका तरुण अध्यापकांचे नाव सुचविले. त्यांच्याकडे जागा होती; प्रवेश झाला. जंगलाविषयी पहिल्या सरांस विचारावे, हिशेबाविषयी दुसऱ्यांस, अशी आता तिची रीत आहे.

वडीलधाऱ्यांस माझी विनंती एवढीच. मुलाने एखादे नाव मनात धरले, की अर्ज करण्यापूर्वीच त्या व्यक्तीकडे जागा आहे काय, सेवा किती उरली आहे, हे विचारावयास लावा. दुसरे नाव सुचल्यास त्यांच्या विद्यार्थ्यांचे पुरे झालेले प्रबंध ग्रंथालयात बसून पाहावयास सांगा. कीर्तीपेक्षा ते अधिक खरे बोलतात. भागवतातील अवधूताने चोवीस गुरू केले, त्यांत पृथ्वी होती, तशी मधमाशीही होती. आपल्या लेकरांस दुसरा गुरू करावा लागला, तर त्यात उणेपणा मानण्याचे कारण नाही.