सारायेव्होतली न प्यायलेली कॉफी

सारायेव्होत पहिल्या दिवशी सगळे टूरिस्ट तेच करतात. बाश्चार्शियाच्या जुन्या बाजारात जायचं, तांब्याच्या ट्रेमधली बोस्नियन कॉफी मागवायची आणि आधी फोटो टाकायचा. मीही टाकला. कप इवलासा, बिनकानाचा. त्याला फिल्जान म्हणतात. (सोबतचं लोकुम मात्र जरा जपूनच खा, फारच गोड असतं!)

दुसऱ्या दिवशी हॉस्टेलच्या काउंटरवर विचारलं, "तुमच्या सिव्हिल वॉरवर एखादं प्रदर्शन आहे का?" मुलगा माझ्याच वयाचा, म्हणजे युद्ध संपल्यावर जन्मलेला. "स्रेब्रेनित्साला आम्ही तसं म्हणत नाही," एवढंच म्हणाला आणि नकाशावर कॅथेड्रलच्या शेजारी गोल काढून दिला. मास कॉमची डिग्री घेऊन ही माझी तऱ्हा! हेगच्या युद्धगुन्हे न्यायालयाने २००४ मध्ये अपिलात आणि आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २००७ मध्ये त्या हत्याकांडाला वंशसंहारच म्हटलंय.

'गॅलरी ११/०७/९५'. नावातच तारीख. ११ जुलै १९९५ ला बोस्नियन सर्ब फौजा स्रेब्रेनित्सात घुसल्या. यूएनने 'सेफ एरिया' जाहीर केलेलं गाव, बंदोबस्ताला डच सैनिक. पुढच्या काही दिवसांत आठ हजारांहून जास्त मुस्लीम पुरुष आणि मुलगे मारले गेले. आत तारिक समाराह यांचे ब्लॅक अँड व्हाइट फोटो आहेत. रक्त कुठेच नाही. माती, हाडं, वाट बघणाऱ्या आया. आणि एका भिंतीवर नुसते चेहरे. लग्नाच्या अल्बममधून कापून काढावेत तसे साधे. मी तिथेच अडकले.

पुरावा लपवायला मारेकऱ्यांनी सामूहिक कबरी बुलडोझरने उकरून प्रेतं दुसरीकडे नेऊन पुरली. त्यामुळे एकाच माणसाची हाडं दोन-तीन ठिकाणी सापडतात, डीएनए जुळवून ओळख पटते. घरच्यांपुढे मग विचित्र प्रश्न येतो: जेवढं मिळालंय तेवढं दफन करायचं, की आणखी काही सापडायची वाट बघायची? हजाराच्या आसपास लोक अजूनही बेपत्ता आहेत, आणि वाट बघणाऱ्या आया एकेक करून जातायत.

संध्याकाळी पुन्हा बाजारात गेले. ट्रे समोर आला आणि आइदा शेहोविच आठवली. युद्धात देश सोडावा लागलेली ही कलाकार. स्रेब्रेनित्साची एक बाई तिला म्हणाली होती, की नवऱ्याबरोबरची कॉफी सगळ्यात जास्त आठवते. त्यातून २००६ मध्ये 'श्टो ते नेमा' सुरू झालं. म्हणजे, 'तू का नाहीस?' दर ११ जुलैला वेगवेगळ्या शहरांच्या चौकात लोकांनी दिलेले फिल्जान मांडायचे, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी त्यात कॉफी ओतायची आणि ती तशीच ठेवायची, कुणी प्यायची नाही. २०२० मध्ये हे कप स्रेब्रेनित्साजवळ पोतोचारीला पोचले. तोवर ते ८,३७२ च्या वर गेले होते.

जाणार असाल तर गॅलरीत ऑडिओ गाइड घ्या. आणि त्या दुपारी दुसरा काही प्लॅन ठेवू नका.