आधी झिजणारा तुकडा

आरोंद्यात लोखंड फार काळ लोखंड राहत नाही. तेरेखोलच्या खाडीवरून येणारा खारा वारा खिडकीच्या बिजागरीवर बसतो, सायकलच्या साखळीवर बसतो, टीव्हीच्या मागच्या फटींतून आत शिरतो. हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की मिठाचा कण हवेतलं पाणी ओढून घेतो आणि त्यातच विरघळतो. मग पत्र्यावर, तारेवर, सर्किटवर खाऱ्या पाण्याचा डोळ्यांना न दिसणारा थर चढतो. मृगापासून हस्तापर्यंत इथली हवा बहुतेक वेळ त्या आकड्याच्या वरच. वायरचं टोक सोललं तर आतलं तांबं कळंकलेलं निघतं. एसीच्या बाहेरच्या पेटीत तांब्याच्या नळीवर ॲल्युमिनियमचे पातळ पत्रे घट्ट बसवलेले असतात. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारं पाणी म्हटल्यावर तिथे विजेचा घटच तयार होतो, आणि ॲल्युमिनियमचा पांढरा भुगा गळू लागतो.

अशा गावात यंत्र किती दिवस नवं राहिलं याला फारसा अर्थ नाही. पहिल्यांदा बिघडल्यावर ते कसं वागतं, यावर त्याची किंमत ठरते.

या किनाऱ्यावरच्या इंजिनाच्या बोटी पावसाळ्यात वर ओढून ठेवतात, तेव्हा त्यांचा पाण्याखालचा भाग पाहायला मिळतो. पंख्याच्या आसपास जस्ताचा एक ओबडधोबड तुकडा बसवलेला असतो. जस्त आधी गंजतं, म्हणून पंखा आणि त्याचा दांडा वाचतो. तुकडा खाऊन संपला की दुसरा लावायचा. ब्रिटिश आरमाराच्या जहाजांचा तांब्याचा तळ समुद्र खात होता, त्यावर हम्फ्री डेव्हीने 1824 च्या सुमारास ही युक्ती काढली. मला त्या तुकड्याबद्दल आदर वाटतो. काहीतरी झिजणारच हे कबूल करून, काय झिजावं हे करणाऱ्याने आधीच ठरवलं, आणि तो भाग हाताला लागेल अशा जागी ठेवला. वापरणाऱ्या माणसाबद्दलची एवढी आस्था मला पुष्कळ महागड्या वस्तूंत सापडत नाही.

मिक्सरमध्ये मात्र सापडते. आमच्या स्वयंपाकघरात मिक्सरला पडणारं काम जड आहे: ओलं खोबरं, भिजवलेल्या मिरच्या, धणे, अगदी थोडं पाणी, आणि वाटप गंधासारखं गुळगुळीत उतरलं पाहिजे, नाहीतर बांगड्याच्या आमटीला अंग येत नाही. सत्यप्रकाश माथूर हे मुंबईत सीमेन्समध्ये अभियंते होते. पत्नीचा जर्मन मिक्सर असल्याच वाटणाने जळला आणि इथे दुरुस्त होईना, म्हणून त्यांनी जोरकस मोटर घालून स्वतःच मिक्सर बनवला. 1963 मध्ये कंपनी उभी राहिली आणि ‘सुमीत’ घरोघर गेला. एका बंद पडलेल्या यंत्राकडे कुणीतरी नीट पाहिलं, त्याचं हे फळ.

आपल्याकडचा कुठलाही साधा मिक्सर उलटा करून पाहावा. तळाशी बहुधा लाल बटण असतं. भार वाढला की ते उडतं आणि मोटर जळण्याआधी थांबते. भांडं आणि मोटर यांच्यामध्ये कपलर असतो. पातं अडलं तर तुटायचं ते त्याने. आणि आत ‘कार्बन’: फिरत्या भागाला वीज पोचवणारे दोन काळे ठोकळे, घासून घासून संपण्यासाठीच केलेले. किंमत किरकोळ, बदलायला थोडा वेळ. इथल्या बायकांना हे सगळं तोंडपाठ आहे. “कार्बन संपले वाटतत, जळको वास येता,” असं निदान घेऊनच काकी दुरुस्तीवाल्याकडे जाते. तो चार स्क्रू काढतो, आत बघतो आणि सांगतो, “काकी, भुतूर पाल मेली हा. मशीन चांगला आसा.” हे संभाषण शक्य आहे, कारण यंत्राला स्क्रू आहेत.

16 मे 2021 ला तौक्ते वादळ या किनाऱ्यावरून गेलं. माड आणि विजेचे खांब आडवे झाले, आणि सिंधुदुर्गातली कितीतरी गावं दिवसेंदिवस अंधारात राहिली. मोबाइल एकेक करून विझले. सेलवरचा रेडिओ ज्यांच्याकडे होता, तो बोलत राहिला. त्याच्या पाठीवरचं झाकण अंगठ्याने उघडतं, जुने सेल काढून नवे घालता येतात.

मोबाइलची लिथियम बॅटरीसुद्धा कार्बनसारखीच झिजणारी वस्तू. काही शे वेळा चार्ज झाली की तिची ताकद घटते, हे बनवणाऱ्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं. तरीही ती काचेखाली गोंदाने चिकटवून टाकलेली असते. याचा मला मनापासून राग येतो. पाणी आत जाऊ नये म्हणून असं करावं लागतं, असं सांगतात. पाण्याची भीती आम्हाला कुणी शिकवायला नको. पण बोअरवेलमधला पंप वर्षानुवर्षं पाण्यात बुडून चालतो, आणि बिघडला की वर काढून, बोल्ट सोडवून, सील बदलून परत सोडतात. युरोपीय संघाने कायदा केला आहे: काही अपवाद सोडले तर 18 फेब्रुवारी 2027 पासून अशा उपकरणांतली बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता आली पाहिजे. आपल्या केंद्र सरकारने जुलै 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच वर्षी डिसेंबरात पोर्टल सुरू केलं. चांगलं झालं. पण खाडीकाठच्या दुकानात त्या बॅटरीचा अस्सल सुटा भाग, परवडेल अशा किमतीत मिळाला पाहिजे. तोवर हा हक्क आमच्यापर्यंत पोचलेला नाही.

म्हणून हल्ली काही घ्यायला गेलो की आधी ते पालथं घालतो. सावंतवाडीच्या एका दुकानातल्या मुलाला मी विचारलं, याचा कोणता भाग आधी जाईल, आणि तो तुमच्याकडे मिळेल का? असं त्याला कुणी विचारलं नव्हतं. त्याने मिक्सर उचलला, तळाचे स्क्रू निरखले आणि मालकाला विचारायला आत गेला. येताना कार्बनची जोडी आणि कपलर घेऊन आला, दोन्हींची किंमत सांगितली, आणि मग आम्ही पुढच्या मिक्सरकडे वळलो.