कळलावीची बाजू

काही वनस्पतींना त्यांचे नावच भोवते. कळलावी ही त्यांपैकी एक. ती अंगणात असली की घरात भांडणे होतात, ही समजूत आमच्या पूर्वजांनी होळकरांच्या काळी इंदूरला येताना भाषेबरोबरच आणली असावी. बोलीत हिंदी शब्द मिसळले, समजूत मात्र शाबूत राहिली. आम्ही कुंपणाशी ही वेल लावली, तेव्हा घरातील वडीलधाऱ्यांनी ती उपटण्याचा आग्रह धरला. म्हणून तिची बाजू मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते.

मराठीत कळ म्हणजे भांडण, तशीच वेदनाही. तिच्या कंदाचा लेप पूर्वी प्रसूतीच्या कळा आणण्यासाठी लावीत. निघंटूंतील ‘गर्भनुत्’ हे तिचे नाव त्याचीच साक्ष देते. मग ही कळ भांडणाचीच कशावरून? गोव्यात चतुर्थीच्या माटोळीत तिला स्थान आहे, तर तमिळनाडूने तिला राज्यपुष्पाचा मान दिला आहे.

तिची ओळख सोपी आहे. पानाचे टोक लांबत जाऊन आधाराला विळखा घालते. पावसाळ्यात अधोमुख फूल उमलते. त्याच्या सहा पाकळ्या वर उलटतात आणि हिरवट, पिवळा, मग अग्नीसारखा तांबडा असा रंग पालटतात. मध पाकळ्यांच्या बुडाशी असतो, तर पुंकेसर चाकाच्या आऱ्यांसारखे बाहेर पसरतात. मधासाठी आलेल्या फुलपाखराच्या पंखांना पराग लागतो आणि पुढच्या फुलापर्यंत पोहोचतो. शिंजीर पक्षीही या फुलांवर येतो.

कंद नांगरासारखा वाकडा, म्हणून संस्कृतात ती लांगली. मृगाच्या आधी, पाणी न साचणाऱ्या मातीत तो २-३ इंच खोल आडवा पुरावा. टोकाचा कोंब मोडू देऊ नये. पावसाळा सरल्यावर वेल वाळते, कंद मात्र जिवंत असतो; तेव्हा पाणी तोडावे. बियांपासून फुले यायला ३-४ वर्षे लागतात. कंद रोपवाटिकेतूनच घ्यावा; खणून नेण्यामुळे रानातली कळलावी विरळ होत चालली आहे.

वडीलधाऱ्यांची भीती अगदीच निराधार नव्हे. तिच्या सर्वांगात, विशेषतः कंदात व बियांत, कोल्चिसिन हे विष असते. खाण्याचा कंद समजून तो खाल्ल्याने माणसे दगावली आहेत. म्हणून आम्ही वेलीभोवती जाळी लावली, कंद हाताळताना हातमोजे घालू लागलो आणि नातवंडांना तिचे विष व वैभव दोन्ही समजावून सांगितले. एवढ्यावर घरात तडजोड झाली.

ज्यांच्या कुंपणाशी ती आपोआप उगवली असेल, त्यांनी उपटण्यापूर्वी एक पावसाळा थांबून पाहावे.