मध्यरात्रीचें गाणें

रात्र कवींची आवडती खरी. पण बहुतेकांची रात्र म्हणजे चांदणें, निद्रा किंवा प्रियजनांची भेट. झोप उडालेली आणि आकाशाकडे पाहूनही धीर न येणारी अशी जी रात्र, तिचें गाणें विरळा. जर्मन कवि फ्रीडरिश रुकर्ट (१७८८–१८६६) याची ‘मध्यरात्रीं’ ही कविता त्या विरळ जातींतली आहे. गुस्ताव्ह माहलर या संगीतकारानें १९०१ च्या उन्हाळ्यांत तिला स्वर दिले, आणि १९०५ सालीं व्हिएन्ना येथें तें गीत प्रथम जाहीरपणें गायिलें गेलें.

यवतमाळास बसून असल्या परक्या गीताविषयीं लिहावें, याचें कोणास नवल वाटेल. पण रुकर्ट आपणांस अगदींच परका नव्हे. तो संस्कृतज्ञ होता. ‘गीतगोविंद’ त्यानें जर्मन भाषेंत आणलें, आणि त्यापूर्वीं १८२८ सालीं नलदमयंतीची कथा. विदर्भाच्या राजकन्येस अरण्यांत निजलेली टाकून नल निघतो, परत फिरतो, पुन्हा निघतो. ती रात्र या कवीच्या ओळखीची होती. पुढें १८३३–३४ च्या हिवाळ्यांत त्याचीं दोन लेकरें गेलीं. जागरण म्हणजे काय, हें त्यास मग कोणी सांगावयास नको होतें.

कवितेंतील मनुष्य मध्यरात्रीं जागा होतो. वर पाहतो, तों एकही तारा हंसत नाहीं. विचार अंधाराच्या सीमेपर्यंत जाऊन रिकामे परततात. मग स्वतःच्या हृदयाचे ठोके तेवढे ऐकूं येतात. मानवजातीच्या दुःखाशीं तो झुंजतो, पण निकाल त्याच्या बळानें लागत नाहीं. शेवटीं जीवनमृत्यूच्या स्वामीवर तो सारें सोंपवितो. कारण त्या प्रहरीं पहारा त्याचा आहे.

आपल्याकडे रात्रीचे राग ठरलेले. मालकंसांत रिषभ-पंचम वर्ज्य, आणि त्या उणेपणांतूनच त्याचें गांभीर्य येतें. माहलरजवळ प्रहरांची अशी परंपरा नव्हती. पण त्यानेंही रात्र वर्ज्य करूनच घडविली: व्हायोलिनपासून खालपर्यंतचीं सारीं गजानें वाजणारीं वाद्यें त्यानें या गीतांतून काढून टाकलीं. वाद्यवृंदाची सारी ऊब तेथें असते. उरतात तीं फुंकीचीं वाद्यें, आणि पायऱ्या उतरत जाणारे स्वर. अखेरच्या कडव्यांत मात्र पितळी वाद्यें एकदम गर्जूं लागतात.

हा विजयघोष आम्हांस पुष्कळ दिवस खटकत असे. या जिल्ह्याचें नांव गेलीं दोन दशकें आणि अधिक काळ शेतकऱ्यांच्या आत्महत्यांसाठीं देशभर घेतलें जात आहे. कर्जाचे आंकडे मोजीत जो अंधारांत बसला आहे, त्याला ‘देवावर सोंपवा’ म्हणून सांगणें हें सांत्वन, कीं आपली सुटका?

आतां वाटतें, कवितेचें मर्म सोंपविण्यांत नसून पहाऱ्यांत आहे. आमच्याकडे रानडुकरें व रोही यांपासून पीक राखण्यासाठीं शेतकरी जागलीला जातात. एका माळ्यावरून हाळी जाते. दुसऱ्यावरून ओ येते. तिच्यानें अंधार उजळत नाहीं. पण आणखी कोणी जागें आहे, एवढें कळतें. देव पहारा करतो कीं नाहीं, हा वाद विद्वानांनीं करावा. ओ देणें हें मात्र आपलें काम आहे.