हलता उजेड

निघायच्या आदल्या रात्रीच माझ्या भाचीनं अजिंठा निम्मा पाहून टाकला होता. सोफ्यावर लोळत, फोनवर बोट फिरवत तिनं एकेक जाहीर केलं. "मावशी, सोमवारी लेणी बंद. मंगळवारी जाऊ. वेरूळ मंगळवारी बंद, म्हणजे ते बुधवारी. आपली गाडी फर्दापूरच्या फाट्यावर लावायची, पुढचे ४ किलोमीटर त्यांच्या बसनं. आणि पायऱ्या आहेत, तुला चढवलं नाही तर डोली मिळते." माझ्या गुडघ्यांपर्यंतची सोय त्या फोनात होती.

१९८१ साली आम्ही जळगावहून निघालो, तेव्हा आप्पांच्या गाठीला शेजारच्या सरांची दोन वाक्यं होती. "पहिली एसटी धरा. डबा घरूनच न्या." बास. आईनं दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि अर्धा डझन केळी बांधली, आणि साठेक किलोमीटरचा प्रवास सुरू झाला. उरलेली माहिती वाटेत गोळा होत गेली. परतीची शेवटची गाडी कितीला ते कंडक्टरनं सांगितलं. पाणी भरून घ्यायचा सल्ला मागच्या बाकावरच्या आजींनी दिला, आणि आम्ही कुणाचे कोण हेही विचारून घेतलं. तेव्हा एसटी थेट लेण्यांच्या पायथ्याशी जायची. उतरलो तरी समोर नेमकं काय आहे याची कल्पना नव्हती. वळण घेतलं आणि वाघूर नदीच्या नालाकृती वळणावर कड्यात कोरलेली ती रांग एकदम अंगावर आली. आप्पा नुसतं "अरेच्चा!" म्हणाले. मोठ्या माणसाला असं चकित झालेलं मी पहिल्यांदाच पाहत होते.

पहिल्या लेण्यात शिरलो तर काळोख. आमचे गाइडकाका म्हणाले, "घाई नाही. डोळे सरावू द्या." बाहेर उन्हात एक माणूस आरसा धरून उभा. त्यानं ऊन आत फेकलं, काकांनी ते पांढऱ्या फळीवर झेललं आणि भिंतीवर वळवलं. त्या थरथरत्या उजेडात आधी मुकुट दिसला, मग झुकलेले डोळे, मग हातातलं निळं कमळ. पद्मपाणी असा तुकड्यातुकड्यानं भेटला. काकांनी उजेड नेला तिकडेच आम्ही बघितलं, आणि जिथे नेला नाही ते राहूनच गेलं.

गाभाऱ्यातल्या बुद्धापुढे त्यांनी लांब वायरीचा दिवा घेतला. एका बाजूनं धरला, चेहरा हसरा. दुसरीकडून धरला, उदास. समोरून, ध्यानात बुडालेला. मी नीट दिसावं म्हणून सरकले, तर म्हणाले, "तू हलू नको बाळ. उजेड मी हलवतो."

काकांची सगळी माहिती खरी होती असं नाही. रंग पाल्याफुलांचे, असं त्यांनी ठासून सांगितलं होतं. मीही ते कित्येक वर्षं पुढे सांगत राहिले. बसमध्ये भाचीनं ते खोडलं. रंग बहुतेक खनिजांचे: गेरू, पिवळी माती, हिरवा दगड, दिव्याची काजळी आणि निळ्यासाठी अफगाणिस्तानाकडून आलेला लाजवर्द. काकांचा 'वाघामागे आलेला गोरा साहेब'ही तिच्याकडे नावागावासकट होता. जॉन स्मिथ, २८ एप्रिल १८१९. दहाव्या लेण्यात त्यानं नाव कोरलंय आणि ते आज डोक्याच्या वर दिसतं, कारण तेव्हा तो साचलेल्या ढिगाऱ्यावर उभा होता. हे मला काकांनी सांगितलं नव्हतं. त्यांचा वाघ मात्र डरकाळी फोडायचा.

आता लेण्यांत बेतानं लावलेले, स्थिर, मंद दिवे आहेत. फ्लॅशला बंदी, चित्रांपुढे कठडे. हे व्हायलाच हवं होतं. त्या सहलीत माझ्या धाकट्या भावानं चित्राच्या भिंतीवर अख्खा पंजा टेकवला होता, आणि आम्हाला त्यात काही वावगंही वाटलं नव्हतं.

पद्मपाणीपुढे भाची क्षणभर थांबली. "फोटोत जास्त उजळ दिसतो गं," ती म्हणाली. खरंच होतं. घरी तिनं तो बोटांनी मोठा करून पापणीपर्यंत पाहिला होता. ओळखीच्या माणसाला लग्नात हात करून पुढे जावं, तशी ती निघाली.

बुद्धापुढे मात्र तिनं फोनवरचं वाचून दाखवलं. "वेगवेगळ्या बाजूंनी उजेड टाकल्यास मुद्रेवरचे भाव बदलतात." वर पाहिलं. दिवा एकाच जागी, चेहऱ्यावर एकच भाव.

"तू पाहिलंस ते? हसरा कुठून दिसायचा?"

मी तोंड उघडलं आणि अडखळले. उजवीकडून की डावीकडून? तीन चेहरे लख्ख आठवत होते, बाजू पुसली गेली होती. मागून माणसं येत होती, पहारेकरी पुढे सरकायला सांगत होता. "आठवत नाही," मी म्हटलं, "पण डोळे सरावायला वेळ लागतो एवढं नक्की."

तिनं फोन पर्समध्ये टाकला नाही, नुसता खाली धरला. आम्ही रांगेतून बाजूला झालो आणि भिंतीपासून हातभर अंतर ठेवून उभ्या राहिलो.