किल्ली फिरवण्याआधी

बरीच वर्षं बंद असलेली गाडी बघायला जायचं ठरलं की मी मालकाला फोनवरच सांगून ठेवतो, मी येईपर्यंत किल्ली फिरवू नका. चालू होते का एवढं बघायला काय हरकत आहे, असं त्यांना वाटतं. हरकत आहे. पिस्टन वर्षानुवर्षं एकाच जागी उभे असतात. सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल केव्हाच ओघळून गेलेलं असतं आणि रिंगा जिथे टेकल्या आहेत तिथे गंजाची बारीक रेघ धरलेली असते. नवी बॅटरी जोडून सेल्फ मारला की रिंगा त्या रेघेवरून खरवडत जातात. पंचवीस वर्षं नुसतं उभं राहून जे बिघडलं नाही, ते दहा सेकंदांत बिघडतं.

मी इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डशायरमध्ये राहतो आणि जुन्या एमजीबी पुन्हा रस्त्यावर आणतो. एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस. मूळ ऑक्सफर्ड शहरातलं हे नाव १९२९ मध्ये दक्षिणेला ॲबिंग्डनला गेलं आणि ऑक्टोबर १९८० मध्ये तिथला कारखाना बंद होईपर्यंत तिथेच राहिलं. १९६२ ते १९८० या काळात एमजीबी पाच लाखांहून जास्त बनल्या. दोन माणसं, उघडं छत, लांब बॉनेट आणि शिक्षक, कारकून, परिचारिका यांनाही हप्त्याने परवडेल अशी किंमत. म्हणूनच इथल्या कितीतरी घरांमागच्या शेडमध्ये आजही चादरीखाली एखादी निघते.

माझे हात मात्र कोल्हापूरच्या उद्यमनगरात तयार झाले, ॲम्बेसिडरवर. ॲम्बेसिडर म्हणजे मुळात ऑक्सफर्डच्याच काउली कारखान्यातली मॉरिस ऑक्सफर्ड सीरिज थ्री. तिचं १४८९ सीसीचं इंजिन आणि एमजीबीचं १७९८ सीसीचं इंजिन, दोन्ही एकाच बी-सीरिज घराण्यातली. इथे आल्यावर पहिल्यांदा एमजीबीचं बॉनेट उघडलं तेव्हा टॅपेट कव्हर, पुशरॉड, डिस्ट्रिब्युटरची जागा, सगळं ओळखीचं निघालं. फायरिंग ऑर्डरसुद्धा तीच, १-३-४-२. आमचे मिस्त्री टॅक्सीवाल्यांच्या गाड्या उघडताना एक वाक्य नेहमी ऐकवायचे, "आधी थांबायचं बघ, पळायचं मागनं." त्या वाक्यावर मी इथे पोट भरतो असं म्हटलं तरी चालेल.

ज्या गाडीबद्दल सांगायचंय ती १९६६ची रोडस्टर, रंग ओल्ड इंग्लिश व्हाइट. मालकीणबाईंच्या यजमानांनी ती नव्वदच्या दशकात शेडमध्ये लावली. वार्षिक तपासणीत, म्हणजे एमओटीत, डाव्या सिलचा गंज दाखवून नापास केली होती. पुढच्या उन्हाळ्यात वेल्डिंग करू म्हणत उन्हाळे गेले, नंतर यजमानही गेले. बाईंना घर बदलायचं होतं. गाडी भंगारात जाऊ नये आणि तिची योग्य किंमत यावी, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. दोन्ही जमेल, पण थोडा वेळ द्या, असं मी म्हणालो.

सुरुवात ब्रेकपासून. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं आणि मग आतूनच गंज धरतो. पुढच्या डिस्कचे पिस्टन कॅलिपरमध्ये घट्ट बसलेले होते, मागच्या ड्रममधले व्हील सिलिंडर जाम, आणि रबरी होज बाहेरून धडधाकट पण आतून फुगलेले. असा होज फार फसवा असतो. पाय दाबला की तेल जातं, पाय काढला की परत येत नाही आणि चाक धरूनच राहतं. त्यामुळे होज, सिलिंडर, मास्टर सिलिंडर, गंजलेले पाइप, सगळं नवं. टायरवर नक्षी भरपूर शिल्लक होती, पण रबर दगडासारखं झालेलं. त्या टायरवर मी गाडी शेडच्या दारापर्यंतच ढकलली.

त्यानंतर सिल. एमजीबीला वेगळी चासी नाही, तिचं अंग हाच तिचा सांगाडा. वर छत नसल्यामुळे पुढचा आणि मागचा भाग जोडून धरायचं बहुतेक ओझं दाराखालच्या सिलवर येतं. बाहेरची सिल, मधला उभा पत्रा, आतली सिल आणि खालची पट्टी मिळून एक पोकळ पेटी होते. दार लावून गाडी कडेने जॅकवर उचलायची आणि दाराच्या मागच्या फटीकडे बघायचं. वरच्या बाजूला फट आवळत गेली तर पेटीत जीव उरलेला नाही. पुष्कळांनी पूर्वी सडलेल्या पत्र्यावर नवी बाहेरची सिल चिकटवून रंग मारलेला असतो, आणि ते फक्त ही फट सांगते. या गाडीची उजवी बाजू कधीतरी नीट दुरुस्त झाली होती. डाव्या बाजूचा मागचा तुकडा गेलेला होता. तो आतपर्यंत कापून काढला आणि नवा पत्रा वेल्ड केला.

इंजिनाकडे वळलो ते हे सगळं झाल्यावर. प्लग काढून चारही सिलिंडरमध्ये पातळ तेल सोडलं आणि काही दिवस तसंच मुरू दिलं. टॅपेट कव्हर काढून व्हॉल्व्ह एकेक दाबून पाहिले, कारण अडकलेला एक व्हॉल्व्ह पुशरॉड वाकवायला पुरतो. मग क्रँकच्या पुलीच्या नटाला पाना लावून हाताने ताण दिला. इथे जोर करायचा नसतो. थोडं पुढे, थोडं मागे, आणि अडलं की थांबून पुन्हा तेल. इंजिन सुटतं तेव्हा मनगटाला आधी कळतं. पूर्ण फेरा मोकळा झाल्यावरच बॅटरी लावली आणि प्लग न बसवता सेल्फ मारत राहिलो, डॅशबोर्डवरच्या ऑइल प्रेशरच्या काट्याकडे बघत. काटा उचलला, म्हणजे बेअरिंगांपर्यंत तेल पोचलं. तोवर ठिणगी द्यायची नाही.

बॅटरीबद्दल सांगायलाच हवं. १९६६च्या एमजीबीत सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात, सीटांच्या मागे जमिनीखालच्या कप्प्यांत, आणि अर्थिंग पॉझिटिव्हचं असतं. १९६७च्या शेवटी ते निगेटिव्हचं झालं. आजच्या माणसाचा हात सवयीने उलटी जोडणी करतो. म्हणून मी कप्प्याच्या झाकणाच्या आत ठळक अक्षरांत लिहून ठेवतो.

पेट्रोलच्या टाकीला जुन्या वार्निशचा वास होता. एमजीबीची टाकी बऱ्याचदा वरून सडते, कारण डिकीचा तळ आणि टाकी यांच्यामध्ये चिखल अडकून ओल धरून ठेवतो. ही तशीच गेलेली होती, तेव्हा टाकी नवी आणि पाइपही नवे, इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे. २०२१ पासून इथल्या पंपांवर साधं पेट्रोल म्हणजे ई-टेन, दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं. जुन्या रबराला ते खातं. या गाड्यांना ई-फाइव्ह भरावं, महाग पडलं तरी. पंप मात्र मूळचाच ठेवला. एसयूचा हा विजेवरचा पंप किल्ली फिरवताच टकटक करतो. कार्बोरेटरच्या वाट्या भरत आल्या की टकटक मंदावते आणि थांबते. थांबतच नसेल तर कुठेतरी गळती आहे किंवा हवा ओढली जाते आहे. वर्षानुवर्षं बंद राहिल्याने त्याचे पॉइंट काळवंडले होते. ते घासून साफ केल्यावर पंप पुन्हा बोलायला लागला.

इंजिन पेटलं, सुरुवातीला भरपूर धूर देऊन आणि तीनच सिलिंडरवर. पॉइंट, कंडेन्सर आणि एक वायर बदलल्यावर चौथाही आला. पण मला या कामात सगळ्यात जास्त आवडतो तो त्यानंतरचा भाग. दोन एसयू कार्बोरेटर तानपुऱ्याच्या जोडीसारखे जुळवावे लागतात. रबरी नळीचं एक टोक कानाला, दुसरं एका कार्बोरेटरच्या तोंडाशी, मग दुसऱ्याच्या. हवेची फुसफुस दोन्हीकडे सारखी येईपर्यंत स्क्रू केसभर फिरवत राहायचं. मग मिश्रण. छोटी पिन वर दाबून पिस्टन जेमतेम उचलायचा. इंजिनाचा वेग वाढून तसाच राहिला तर पेट्रोल जास्त आहे, इंजिन मरायला लागलं तर कमी आहे, आणि क्षणभर चढून पुन्हा जागेवर आलं तर बरोबर. यंत्रं आता सगळं मोजून दाखवतात, तरी ही नळी मी सोडणार नाही. कानाने जुळवलेल्या इंजिनाशी माणसाची ओळख होते. पुढे ते बिघडायला लागलं की गेजच्या आधी कानाला कळतं.

इथवरचं सगळं करणं भागच होतं. यापुढे काय करायचं नाही, हा जास्त अवघड प्रश्न, आणि माझ्या मते या धंद्यातली खरी पारख तिथेच लागते. एमजीबीचं जवळजवळ सगळं नवं मिळतं. ब्रिटिश मोटर हेरिटेजने १९८८ पासून पूर्ण नवं अंगसुद्धा बनवायला घेतलं. म्हणजे पैसे असतील तर कुठलीही एमजीबी नवी करता येते. तेवढा खर्च बहुतेकदा विक्रीत निघत नाही, कारण या गाड्या लाखांनी बनल्या आणि त्यांचे भाव त्याच काळातल्या जॅग्वार ई-टाइपसारखे चढत नाहीत. पण खर्च निघाला असता तरी ही गाडी मी नवी केली नसती. दाराच्या कडेवरचा रंग हातांनी झिजलेला होता. डॅशबोर्डवर यजमानांनी फॉग लॅम्पसाठी एक बटन बसवलं होतं आणि शेजारी बारीक अक्षरांत कागद चिकटवला होता. ड्रायव्हरच्या सीटचं चामडं एकाच बाजूला भेगाळलं होतं. कारखान्यातून बाहेर पडताना यातलं काहीच नव्हतं, आणि दुसऱ्या कुठल्याही गाडीत ते मिळणार नाही. रंगाला फक्त पॉलिश केलं, चामड्याला खाऊ घातलं, कागद तसाच ठेवला. पुढच्या मडगार्डवर क्रोमच्या पट्टीखाली गंजाचे दोन फोड आहेत. त्यांनी गाडीची ताकद कमी होत नाही, म्हणून ते राहू दिले. दुसऱ्या गिअरचा सिंक्रो कमजोर आहे, तोही राहू दिला. गिअरबॉक्स काढायची म्हणजे इंजिन उतरवायचं. ते केव्हा करायचं हे नव्या मालकाने ठरवावं.

हा निर्णय प्रामाणिक ठरतो तो विक्रीत. मी विक्रीला दुरुस्तीपासून वेगळं काम मानत नाही. जे केलं नाही ते लपवलं, तर केलेल्या कामावरही कोणी विश्वास का ठेवावा? जाहिरातीत पहिले फोटो मडगार्डच्या फोडांचे, सिलच्या वेल्डिंगचे (रंग मारण्याआधी काढलेले) आणि भेगाळलेल्या सीटचे टाकले. दुसऱ्या गिअरबद्दल लिहिलं. हेड शिसेविरहित पेट्रोलसाठी बदललेलं आहे याचा एकही कागद सापडला नव्हता, तेही लिहिलं. शिसं व्हॉल्व्हच्या सीटा सांभाळायचं आणि इथे १ जानेवारी २००० पासून ते पंपांवरून गेलं. त्यामुळे हा प्रश्न जाणकार माणूस विचारतोच. गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून हेरिटेज सर्टिफिकेट मागवलं. मूळ रंग आणि इंजिन नंबर कारखान्याच्या नोंदींशी जुळले. चाळीस वर्षांपुढच्या आणि मूळ रचना न बदललेल्या गाड्यांना २०१८ पासून एमओटीची सक्ती नाही, तरी मी ती करून घेतली. माझ्या कामाकडे तिसऱ्या माणसाने लोखंडी पहार घेऊन बघितलेलं मला हवं असतं.

एक गृहस्थ माझीच यादी हातात घेऊन आले आणि एकेक ओळीवर पैसे कमी करायला लागले. मी सांगितलं, हे सगळं वजा करूनच किंमत लावली आहे, आणि बाईंच्या पैशातून मी काही सोडणार नाही. ते परत गेले.

गाडी घेतली ती शाळेत शिकवणाऱ्या एका बाईंनी. त्या येण्याआधी मी इंजिन गरम करून ठेवलं नाही, कधीच ठेवत नाही. गार इंजिन चोकवर कसं उठतं हे ज्याला घ्यायचंय त्याने स्वतः बघावं. त्या चटई घेऊन आल्या होत्या. गाडीखाली सरकल्या, डाव्या सिलवर बोटांनी टकटक करत गेल्या, आणि जॅक लावून फट बघू का, असं विचारलं. तेव्हाच माझी खात्री पटली. चालवून बघताना पहिल्या गिअरला सिंक्रो नाही हे सांगावं लागलं नाही. सिग्नलला त्या पूर्ण थांबल्या, मगच पहिला टाकला. मालकीणबाईंनी नोंदणीपत्रावर सही केली. फॉग लॅम्पच्या बटनाशेजारचा कागद काढू नका, असं त्यांनी स्वतःहून सांगितलं नाही. शिकवणाऱ्या बाईंनीच तो तसाच ठेवला तर चालेल ना, असं विचारलं.

ट्रेलर न आणता त्या गाडी चालवतच नेणार होत्या. मोटरवे टाळून रस्ता लिहून दिला आणि एक काम सांगितलं. पहिले वीस मैल झाले की थांबायचं आणि चारही चाकांच्या हबजवळ हात नेऊन बघायचं. एखादं बाकीच्यांपेक्षा गरम लागलं तर तो ब्रेक सुटत नाही असं समजायचं आणि पुढे न जाता मला फोन करायचा.

तासाभराने फोन आला. माझ्या पोटात गोळा आला.

"चारही सारखीच कोमट आहेत," त्या म्हणाल्या. "पण मी पंपावर उभी आहे आणि इथे दोन नळ आहेत. आपलं कोणतं म्हणालात?"

"ई-फाइव्ह," मी म्हणालो. "आणि थांबलाच आहात तर बॉनेट उघडून ऑइलची पट्टीही बघून घ्या."