दलदलीतली अँड्रोमेडा

1732 साली 25 वर्षांचा स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल लिनियस लॅपलंडच्या पाणथळ मुलखात वनस्पती धुंडाळत हिंडत होता. शेवाळाच्या उंचवट्यांवर त्याला एक बुटकं सदाहरित झुडूप भेटलं. पानं अरुंद, कडा खाली मुडपलेल्या. कळ्या रक्तासारख्या लाल. उमलल्यावर मात्र फिकट गुलाबी होणारी, मान खाली घातलेली घंटेसारखी फुलं.

लिनियसला ग्रीक पुराणकथेतली अँड्रोमेडा आठवली. मराठी आकाशनिरीक्षक जिच्या तारकासमूहाला देवयानी म्हणतात, तीच. आई कॅसिओपियाने रूपाचा तोरा मिरवला, समुद्रदेव कोपला, आणि त्याची शिक्षा लेकीला मिळाली. सागरी राक्षसाचा बळी म्हणून तिला खडकाला साखळदंडांनी बांधलं. वीर पर्सियसने येऊन तिची सुटका केली.

लिनियसने आपल्या वहीत तरुणी आणि झुडूप यांचं चित्र काढलं. एक अँड्रोमेडा कल्पित, दुसरी खरी. झुडपाचे पाय सदा पाण्यात, भोवती बेडकांसारखे जीव हेच राक्षस आणि पर्सियस म्हणजे उन्हाळा. तो पाणी आटवतो, मग हीच खाली झुकलेली मान फळ धरताना ताठ होते.

हे नुसतं कविमन नव्हे. फूल लवलेलं आणि बोंड उभं, हा त्या झाडाचा खराखुरा स्वभाव आहे. वनस्पतीकडे इतकं बारकाईनं पाहणाऱ्यालाच अशी कथा सुचते.

लिनियसने झुडपाला अँड्रोमेडा हेच नाव दिलं. पुढे या नावाखाली बरीच झुडपं गोळा झाली. 1834 मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ डेव्हिड डॉनने त्यांची फेरमांडणी केली आणि एका प्रजातीला आईचं नाव दिलं: कॅसिओपी. तिची पांढरी घंटाफुलं हिमालयाच्या उंचीवरही फुलतात. बागांमध्ये मिरवणारं जपानी झुडूप, पिएरिस, तेही याच वेळी अँड्रोमेडापासून वेगळं झालं. त्याची पानं विषारी असतात. जपानमधल्या नारा इथली हरणं इतर झाडपाला खातात, पण याला सहसा तोंड लावत नाहीत.

लिनियसची अँड्रोमेडाही विषारीच आहे. त्याला वाटली तितकी ती असहाय नाही. ज्या आम्लधर्मी, निकस दलदलीत इतर बरीच झाडं तग धरत नाहीत, तिथे ती पिढ्यान् पिढ्या सुखानं नांदते. तिला खरा धोका आहे तो पाणी आटवणाऱ्या पर्सियसकडूनच. ब्रिटनमध्ये शेतीसाठी चर खणून दलदली सुकवल्या, जळणासाठी पीट (दलदलीत साचलेला अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर) कापलं, आणि अनेक ठिकाणांहून ती नाहीशी झाली. आता तिथले निसर्गरक्षक तेच चर बुजवून पाणी पुन्हा अडवत आहेत.